मी घर चालवलं ते तीन महिने

भाकरी गोल हवी असेल तर ती कापावी लागते, अशी माझी पक्की समजूत होती. मी थापलेल्या भाकरीला कधी शेपूट फुटायचं, कधी दोन्ही बाजूंनी कान. मग मी तिच्यावर पितळेची ताटली उलटी दाबायचो आणि बाहेर आलेलं पीठ सुरीनं कापून टाकायचो. कारखान्यात पत्र्याची चकती अशीच कापतात. माझी पोरगी मंगल, तेव्हा पाच वर्षांची, स्टोव्हशेजारी उकिडवी बसून हे बघायची. एकदा ती म्हणाली, "अण्णा, माय भाकर कापत नाय." मी म्हणालो, "मायला सांग, हितनं फुडं अशीच व्हणार." पलीकडं खाटेवर सरू पडलेली होती. तिनं तोंडावर पदर दाबला. तिला जोरात हसायचीसुद्धा मनाई होती, आणि मी दिवसातनं चार वेळा तिला हसवायचो. मुद्दाम नव्हे, नुसतं काम करून.

सरू म्हणजे सरस्वती, माझी बायको. तिला जाऊन आता आठ महिने झाले. ती असती तर मला असं वही घेऊन बसलेलं बघून म्हणाली असती, "सातवी नापास माणसानं कागद कशाला खराब करायचा?" तसं म्हणणारं आता घरात कोणी नाही, म्हणून लिहितोय. पोरं म्हणतात, अण्णांना तेवढाच विरंगुळा. विरंगुळा कसला! दुपारी सगळे कामाला जातात, घर गप्प होतं आणि मला माझ्याच श्वासाचा आवाज यायला लागतो. तो ऐकत बसण्यापेक्षा पेन बरा.

तेव्हा आम्ही मुकुंदवाडीत भाड्यानं राहायचो. एक लांबट खोली, मध्ये छातीइतकी भिंत घालून केलेलं स्वैपाकघर, कोपऱ्यात न्हाणी, आणि दारापुढं चार बिऱ्हाडांत मिळून एक अंगण. रेल्वे गेली की फळीवरची भांडी आपोआप वाजायची आणि बाळू, माझा दोन वर्षांचा पोरगा, प्रत्येक वेळी "आली, आली" म्हणून टाळ्या पिटायचा. घरमालकीण गोदूमावशी अंगणातल्या बाजेवर दिवसभर तंबाखू मळत बसलेली असायची. तिला गुडघ्यांमुळं उठवत नव्हतं, पण तिच्या नजरेतनं काही सुटत नव्हतं. समोरच्या खोलीत रझियाभाभी आणि तिचा रिक्षावाला नवरा सलीमभाई. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर. गल्लीत आमच्या कारखान्यातले आणखी चौघं राहायचे, आणि माझी पुढची सगळी फजिती ह्या चौघांमुळं झाली. त्यांचा त्यात काही दोष नव्हता. त्यांनी काहीच केलं नाही, ते फक्त तिथं राहत होते.

मंगल आणि बाळू यांच्या मध्ये आमचं एक मूल सहाव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्याच्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही, इथंही एवढंच लिहितो. बाळूनंतर सरूला परत दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मला आत बोलावून सांगितलं, "पिशवीचं तोंड सैल झालंय. टाका घातलाय. ताण आला की टाका सुटणार, आणि टाका सुटला की मूल गेलं. आडवं पडून राहायचं. खाटेच्या पायथ्याला दोन दोन विटा लावा. उठायचं ते फक्त विधीपुरतं." मी विचारलं, "किती दिवस?" त्या म्हणाल्या, "बाळ बाहेर येऊन तगेल इतके. तीन महिने तरी धरा."

माझी आई तोवर वारलेली. सासूबाई कन्नडहून आल्या, पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आठ दिवसांत दोनदा त्यांनी वरणात मिठाऐवजी साखर घातली, आणि तिसऱ्या वेळी पदर स्टोव्हला लागता लागता राहिला. मग मेहुणा त्यांना न्यायला आला. तो म्हणाला, "दाजी, पोरं बी देऊन टाका गावाकडं. ताई बरी झाली की आणू." त्याचं काही चुकलं नव्हतं. पण बाळू आईच्या कानाची पाळी धरल्याशिवाय झोपत नव्हता, आणि हे ऐकून सरूनं भिंतीकडं तोंड केलं. तिची पाठ हलत होती. तेव्हा मी उभ्या जन्मातलं सगळ्यात मोठं वाक्य बोललो. म्हणालो, "पोरं कुठं जात न्हाईत. मी बघतो."

"काय बघता?" सासूबाई म्हणाल्या.

"समदं. सैपाक, धुणं, पोरं. त्यात काय मोठं? तिथं काय लेथ मशीन चालवायचंय?"

सासूबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण त्या माझ्याकडं बराच वेळ बघत राहिल्या.

मी सायबांच्या हातापाया पडून कायमची सकाळची शिफ्ट मागून घेतली आणि घराचा कारखाना करायला घेतला. भिंतीवर खडूनं वेळापत्रक लिहिलं. पहाटे साडेचारला उठणं, पाच ते साडेपाच भाकरी, मग पोरं, मग धुणं, साडेसहाला सायकल. सरूच्या सगळ्या डब्यांच्या जागा बदलल्या, कारण तिच्या मांडणीत मला काही शिस्त दिसेना. हळदीशेजारी सुया, सुयांशेजारी जिरं! मी उंचीप्रमाणं डबे लावले. दिसायला झकास. पण मोहरी सगळ्यात वर गेली आणि रोज फोडणी जळत असताना मी स्टुलावर चढलेला असायचो. मंगलच्या वेण्यांना रिबिनी बांधता येईनात, गाठ सुटायची, म्हणून मी वायरीला गुंडाळायची काळी टेप आणली. टेप काही सुटली नाही. संध्याकाळी ती काढताना पोरीचे केस निघाले आणि तिनं असा टाहो फोडला की गोदूमावशी बाजेवरनं ओरडली, "आरं, कोंबडी सोलतो का काय?" खायला आठवड्यातनं सहा दिवस पिठलं. त्यात गुठळ्या असायच्या. बाळू त्या शोधून शोधून काढायचा आणि ताटाच्या कडेला ओळीनं मांडायचा. सातव्या दिवशी खिचडी. ती मात्र चांगली व्हायची, असं मला वाटायचं.

ह्या सगळ्यात मी एक गोष्ट केली नाही. खाटेवर पडलेल्या बाईला, जिला हे सगळं डोळे मिटून येत होतं, तिला एकदाही विचारलं नाही की हे कसं करतात. मी "समदं बघतो" म्हणालो होतो ना. विचारलं असतं तर मग मी कसला बघणारा?

पण खरं अडलं ते धुण्याशी. त्या काळी आमच्या गल्लीत पुरुषानं काय करावं आणि काय नाही, ह्याचे कायदे होते, आणि ते कोणी लिहिले होते देव जाणे. नळाला दिवसाआड पाणी यायचं, तेव्हा पुरुषानं हंडे भरले तर चालायचं. भाजी आणली तर चालायचं. दार लोटून आत भाकरी थापली तर तेही चालायचं, कारण कोणाला दिसत नव्हतं. कपडे न्हाणीत धुतलेलेही दिसत नव्हते. पण वाळत घालायचे ते अंगणात, सगळ्यांच्या देखत. लुगडं, परकर, पोराची दुपटी दोरीवर टाकणारा पुरुष म्हणजे संपलाच. ते चौघं सायकली पुसायला आमच्याच अंगणात यायचे. एकदा त्यांनी मला परकर वाळत घालताना बघितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या खात्यात मला वहिनी म्हणून हाक मारली असती. निदान मला तसं वाटायचं.

म्हणून मी युक्ती केली. खोलीतल्या खोलीत, कॅलेंडरच्या खिळ्यापासून खिडकीच्या गजापर्यंत तीन दोऱ्या ताणल्या आणि सगळं धुणं आतच वाळत घातलं. खिडकी बंद, दार लोटलेलं. खोलीत वाकून चालावं लागायचं. ओली लुगडी डोक्याला लागायची, गोधडीचं पाणी टपटप पातेल्यात पडायचं. पोरांना मजा. बाळू एका लुगड्यामागनं दुसऱ्यामागं लपायचा. सरूच्या तोंडावर थेंब पडायचे आणि ती हातानं पुसायची. दोन दिवसांनी कपड्यांना ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. आठवड्यानं बाळूच्या मांड्या लाल झाल्या, मग सोलल्या. मी खोबरेल लावलं आणि म्हणालो, उन्हानं उठलंय. खोलीत ऊन नव्हतंच, तर ते उन्हानं कसं उठणार, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि मग एक चमत्कार झाला. कपडे वाळायला लागले. मी साडेतीनच्या पुढं घरी यायचो तर माझ्या तिन्ही दोऱ्यांवर सगळं धुणं कोरडं, कडक, आणि त्याला चांगला वास. दुपटी पांढरी झाली. बाळूच्या मांड्या बऱ्या झाल्या. मी काय विचार केला असेल? मला वाटलं, मी खिडकीची वरची फळी अर्धी वीत उघडी ठेवायला लागलो होतो, त्यानं हवा खेळती झाली. मी ती फळी मोजून अर्धी वीतच उघडायचो, कमी नाही की जास्त नाही. सरूलाही समजावून सांगितलं. "हवा खालनं येती, वरनं जाती. तुमी बायका नुस्त्या उन्हावर इसंबून ऱ्हाता." ती म्हणाली, "व्हय बाई, आमाला कुठलं कळतंय." मंगल तिच्याशेजारी बसून आईच्या तोंडाकडं बघत होती, आणि तिनं दोन्ही ओठ आत ओढून धरले होते. मी ते बघितलं होतं. मला वाटलं, पोरीला दात येतोय.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी भाषणं द्यायला लागलो. बायका उगाच बाऊ करतात. नियोजन पाहिजे. एक काम संपायच्या आत दुसरं हाताशी तयार पाहिजे. लोक माझा डबा बघायचे, त्यात कापलेल्या भाकरी असायच्या, तरी ऐकून घ्यायचे. एक जण म्हणाला, "फिटर, आमच्या घरी येऊन शिकव." मी म्हणालो, "येतो की." ते आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

दीड महिना असा गेला. मग एके दिवशी सकाळी कारखान्यातली वीज गेली ती आलीच नाही, आणि साडेदहाला सुट्टी दिली. मी सायकल मारत घरी आलो. अंगणात शिरलो तर उन्हात दोरीभर कपडे. निळं लुगडं, पिवळं लुगडं, परकर, बाळूची दुपटी, माझं बनियन. मला वाटलं कोणाचंतरी धुणं आहे. मग बनियनावर काळ्या ग्रीसचा डाग दिसला, तो माझाच होता. आमच्या दाराच्या उंबऱ्यावर मंगल पहाऱ्याला बसली होती. मला बघितल्यावर ती ताडकन उठली आणि आत तोंड करून ओरडली, "माय, पड! अण्णा आले! पड लवकर!"

मी आत धावलो. सरू न्हाणीत उकिडवी बसली होती, कोपरापर्यंत हात बादलीत. ती उठायला गेली आणि मध्येच थांबली. एका हातानं भिंत धरली, दुसरा पोटाखाली गेला.

"किती दिवस चाललंय हे?" मी ओरडलो.

"बाळ्याच्या मांड्या सोलल्या तवापासनं."

म्हणजे रोज मी सायकलवर बसलो की ती उठायची. माझे आंबट वासाचे कपडे काढायची, परत खळबळून अंगणात टाकायची. दोनला ते कडक वाळले की काढून आणायची आणि एकेक करून परत माझ्या दोरीवर अडकवायची, मी टाकले होते त्याच क्रमानं. मंगल तिला क्रम सांगायची. मग ती खाटेवर पडायची आणि माझी हवेची व्याख्यानं ऐकायची.

"मला सांगायचं की!"

ती न्हाणीच्या दारात तशीच वाकून उभी होती. म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमी भायेर टाकलं असतं का?"

 नसतं टाकलं. ते तिला माहीत होतं, म्हणून तिनं विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "त्या चौघांत तुमचं हसं झालं असतं." आणि मग, वेगळ्याच आवाजात, "अवो, मला ओलं लागतंय."

खाली बघितलं तर लुगड्यावर रक्त होतं.

रझियाभाभीनं माझी हाक ऐकायच्या आत रात्रभर रिक्षा चालवून झोपलेल्या सलीमभाईला उठवलं होतं. मी सरूला उचलून रिक्षात घातलं. तिचं वजन किती कमी झालंय हे मला तेव्हा कळलं. दीड महिना मीच खायला घालत होतो ना. सलीमभाई खड्डे चुकवत इतकी हळू रिक्षा चालवत होता की मी दोनदा ओरडलो. तो वळलासुद्धा नाही. म्हणाला, "भाई, टाका है बोले ना? तो चुप बैठो." सरूनं माझा हात धरला होता. ती दर थोड्या वेळानं म्हणायची, "हलतंय अजून. हलतंय." मला म्हणत होती की स्वतःला, ठाऊक नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला आत घेतलं. मग त्या बाहेर आल्या आणि मला विचारलं, "घरात काम कोण करतं?"

"मी," मी म्हणालो. एवढं होऊनही माझ्या तोंडातनं तेच निघालं.

"मग ह्यांच्या बोटांना पाण्यानं सुरकुत्या कशा पडल्यात?"

 त्या म्हणाल्या, "टाका अजून आहे. एका बाजूनं ताणलाय. दोन दिवस ठेवून घेते. परत एकदा असं झालं तर इथं आणायची घाई करू नका, उपयोग नाही." त्या दवाखान्याच्या बाकावर मी बसलो आणि पहिल्यांदा सरळ सरळ समोर आलं की मी पोराचा जीव कशापायी पणाला लावला होता. परकर कोणाला दिसू नये एवढ्यापायी.

संध्याकाळी पोरांसाठी घरी आलो. रझियाभाभीनं त्यांना जेवायला घातलं होतं. मी तिला विचारलं, "भाभी, तुमाला ठावं व्हतं?" ती म्हणाली, "सबकू मालूम था भाई. तुमकूच नै मालूम था. मैं बोली, लाव मैं धोती. तो सरूभाभी बोले, नै, उनकू पता चला तो बुरा लगता." गोदूमावशी बाजेवर होती. तिनं तंबाखू थुंकली आणि म्हणाली, "मुडद्या, तुजी अब्रू काय त्या परकराच्या नाडीला बांधली व्हती?"  तिनं परत तेच विचारलं, उत्तर पाहिजे म्हणून. मी म्हणालो, "व्हय मावशी, तितंच बांधली व्हती." 

सरूला घरी आणलं, विटा लावून खाटेवर निजवलं. खाट मी खिडकीशी सरकवली आणि खिडकी सताड उघडली. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी दहाला, चांगलं ऊन पडल्यावर, मी धुण्याची बादली उचलली आणि अंगणात आलो. ते चौघंही होते, सायकली पुसत. दारापासून दोरीपर्यंत दहा पावलं असतील. कारखान्यात क्रेनखाली काम करतानाही मी कधी पावलं मोजली नव्हती, ती तेव्हा मोजली. बादलीत वरच परकर होता. मी मुद्दाम वर ठेवला होता, म्हणजे नंतर कच खायला नको. तो उचलून दोरीवर टाकला. 

चौघांतला एक म्हणाला, "काय फिटर, खातं बदललं का?"

"व्हय," मी म्हणालो, "कायमचं."

तेवढ्यात खिडकीतनं सरूचा आवाज आला, "अवो, झटका! झटकल्याबिगर टाकतात व्हय!" मी परकर काढला आणि दोन्ही हातांनी असा झटकला की फटाक् आवाज झाला आणि सगळं पाणी त्या विचारणाऱ्याच्या इस्त्रीच्या शर्टावर. गोदूमावशी खो खो हसली. रझियाभाभी म्हणाली, "चिमटा लगाव भाई, उड़ जाएंगा." गोदूमावशी म्हणाली, "लुगडं आडवं नगं, उभं टाक. आरं, काठ धर, काठ!" सरू खिडकीतनं म्हणाली, "रंगीत उलटं करा, रंग उडतो." तिघी तीन बाजूंनी, आणि मध्ये मी, तोंडात चिमटे धरून. ते चौघं थोडा वेळ हसले आणि मग कंटाळून आपापल्या घरी गेले. बस. ज्याला मी दीड महिना भीत होतो ते सगळं मिळून एवढंच होतं. दुसऱ्या दिवशी खात्यात कोणी वहिनी म्हणालं नाही. एकानं हळूच विचारलं, परकराचा रंग उडू नये म्हणून काय करतात.

त्या दिवसापासनं मी सरूला विचारायला लागलो. ज्वारीचं पीठ कढत पाण्यात मळायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. थापताना परात फिरवायची नसते, भाकरी फिरवायची. वेणी आधी घट्ट, शेवटी सैल. पिठल्यात पीठ वरनं सोडायचं नाही, आधी पाण्यात कालवून घ्यायचं. ती छताकडं बघत सांगायची, मी करायचो. चुकलं की ती वळून न बघताच म्हणायची, "करपली." नुसत्या वासावर. मोहरी खाली आली. माझी पहिली न कापलेली भाकरी तव्यावर फुगली तेव्हा मी ती ताटात घेऊन तिला दाखवायला गेलो. तिनं ती सगळ्या बाजूंनी बघितली आणि म्हणाली, "एवढीशी भाकर अन् केवढा मिरवता." मग सबंध खाल्ली. तिखट मिठाबरोबर, दुसरं काही न घेता.

नववा लागला तेव्हा टाका काढला आणि तिसऱ्या दिवशी पोरगी झाली. ओंजळीत मावेल एवढी, पण रडली अशी की वऱ्हांड्यात बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "हिला दिसतंय वाटतं समदं." तिचं नाव ज्योती. ती आता दोन लेकरांची आई आहे आणि वाळूजला नोकरी करते.

ही गोष्ट मी पुढं किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही. लग्नात सांगितली, बारशात सांगितली, कारखान्यात नवीन आलेल्या प्रत्येक पोराला सांगितली, जावयांना तर पहिल्याच भेटीत. ताटलीनं कापलेली भाकरी, काळी टेप, हवेचं व्याख्यान, परकर, फटाक्. सगळे पोट धरून हसायचे. वर म्हणायचे, त्या काळात एवढं करणारा पुरुष विरळाच. सरू आतनं चहा घेऊन यायची, कप ठेवता ठेवता म्हणायची, "सांगा, सांगा." मला वाटायचं, कौतुकानं म्हणते. असेलही. आता विचारू कोणाला?

तिच्या तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. जेवणं झाली, पुरुषमंडळी सतरंजीवर टेकली. कोणीतरी म्हणालं, वहिनींचा स्वभाव लई सोसणारा. आणि माझं तोंड सवयीनं सुरू झालं. डॉक्टरीणबाई, विटा, दोऱ्या. दुःखाचं घर होतं तरी लोक हसायला लागले. मलाही बरं वाटत होतं. फटाक् आवाजापर्यंत आलो तेव्हा ज्योती पंगतीची पत्रावळ उचलत होती. ती तशीच वाकलेली थांबली.

"अण्णा," ती म्हणाली, "मग फुडं?"

"फुडं काय? तू झालीस."

"ते नाय इचारत. मी झाल्यावर धुणं कोण वाळत घालत होतं?"

तिनं काही रागानं विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं असावं, कारण ज्याच्यासाठी हे सगळं झालं ते मूल तीच होती, आणि तिच्या आठवणीत मी दोरीपाशी कुठंच नव्हतो. मंगलनं स्वैपाकघराच्या दारातनं माझ्याकडं बघितलं. बाळूनं खाली बघितलं. सतरंजीवरचे लोक अजून हसण्याच्या तयारीत होते. त्यांना वाटलं, गोष्टीत अजून एक गंमत आहे. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि उगाच प्यायलो.  मग ज्योती पत्रावळी घेऊन मागं गेली.

त्यानंतर मी ती गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. इथं लिहिली ती शेवटची, आणि जे चाळीस वर्षांत कधी सांगितलं नाही ते शेवटी लिहितो. बाळंतपणाचा सव्वा महिना झाला. एके सकाळी सरू उठून न्हाणीत आली. मी धुणं पिळत होतो. ती म्हणाली, "सरका, मी करते." मी एकदासुद्धा नको म्हणालो नाही. उठलो, हात पुसले आणि सायकल काढून कामावर गेलो.